सैल चाक आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर एक तरुण जोडपे आपली नवी मोटार आशीर्वादासाठी घेऊन आले. बॉनेटवर झेंडूचा हार, आरशाला जपमाळ, सीटवरचे प्लास्टिक अजून तसेच. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले आणि मग त्या मुलीकडे नीट पाहिले तेव्हा ओळख पटली. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो, तेव्हा ती आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होती. तिला पाहून आनंद झाला आणि पाठोपाठ एका जुन्या गोष्टीची टोचणी लागली. ती गोष्ट एका सैल चाकाची आहे. इतकी वर्षे आम्ही ती कोणाला सांगितली नव्हती.

जुलै महिना होता. बुधवारी संध्याकाळी एका आजारी माणसाला भेटून परतताना धर्मग्रामाच्या जुन्या जीपचे मागचे डावे चाक पंक्चर झाले. पाऊस कोसळत होता. बरोबरच्या सेवक मुलाने एका हातात छत्री आणि एका हातात टॉर्च धरली आणि आम्ही स्वतः जॅक लावून स्टेपनी बसवली. नट हाताने फिरवले, मग पान्याने आवळले, गाडी खाली उतरवली, पाना सीटखाली टाकला आणि निघालो. गाडी खाली टेकल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवायला हवा, हे आम्हांला ठाऊक होते. पण कपडे भिजले होते आणि जेवणाची वेळ टळून गेली होती.

शनिवारी त्याच जीपमधून आठ मुलांना बायबल प्रश्नमंजूषेसाठी शेजारच्या धर्मग्रामात नेले. परतताना मागून आवाज येऊ लागला. टक, टक, टक. गाडी हळू केली की आवाज हळू, वेग घेतला की आवाजही वेग घेई. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “फादर, कसला आवाज येतोय?” रस्ता खराब आहे, असे आम्ही तिला सांगितले. मुलांना बक्षीस मिळाले होते, ती गाणी म्हणत होती. आम्हीही त्यांच्याबरोबर गाऊ लागलो, आणि खरे सांगायचे तर जरा मोठ्यानेच गाऊ लागलो. सगळी मुले सुखरूप घरी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीचा टेम्पो चालवणारे आमचे एक धर्मग्रामस्थ आवारात उभे होते. जीपजवळून जाताना ते थांबले, वाकले आणि चाकाला हात लावला. पाच नटांपैकी एक जागेवर नव्हता. तीन नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवले. पाचव्याचे भोक झिजून लांबट झाले होते.

“फादर, हे चाक कधी बसवलं?”

बुधवारी, असे आम्ही सांगितले. कोणी बसवले, तेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावायचा असतो, फादर.”

देवानेच वाचवले, असे काहीतरी आमच्या तोंडून निघून गेले.

“हो फादर, देवानेच वाचवलं,” ते म्हणाले. “पण मागून एखादा मोटरसायकलवाला येत असता, तर त्याला कोण सांगणार होतं?”

ह्या वाक्यावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. त्या रविवारच्या प्रवचनात मात्र आम्ही देवाच्या कृपाछत्राविषयी बोललो आणि चाकाविषयी एक अक्षरही काढले नाही. आठ मुलांचे आईवडील समोर बसले होते.

आता प्रश्न असा आहे. त्या शनिवारी आमच्या हातून नेमके काय वाईट घडले? कोणाला खरचटलेसुद्धा नाही. ज्या कृत्याचा काहीच परिणाम झाला नाही, त्याचा दोष कसला धरायचा?

ह्याचे उत्तर शोधण्याआधी चाकाचेच थोडे समजून घेऊ या. गाडी रोज चालवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना वाटते की नट म्हणजे चाक निसटू नये म्हणून लावलेली अडसर. गंमत अशी की नटाचे खरे काम ते नाही. नट आवळला की आतला स्टड किंचित ताणला जातो, रबर ताणावा तसा, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतका. त्या ताणामुळे चाक हबवर घट्ट दाबले जाते आणि गाडीचे ओझे त्या दाबातून निर्माण झालेले घर्षण पेलते. दोन तळहातांमध्ये कागद धरून हात घट्ट दाबले तर कागद ओढून निघत नाही. हात सैल सोडले की कागद सरकतो. चाकाचेही तसेच. दाब कमी झाला की चाक प्रत्येक फेऱ्यात केसभर सरकते आणि पेलण्यासाठी न बनवलेले ओझे स्टडवर पडू लागते. जीपचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण साडेचारशे फेरे घेते. म्हणजे वीस किलोमीटरच्या त्या प्रवासात आमचे चाक नऊ हजार वेळा सरकले, नऊ हजार वेळा स्टड वाकवले गेले आणि सरळ झाले. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणीच शिकतो. आम्ही ऐकलेली टकटक ही त्या सरकण्याची होती.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नट नीट आवळले तरी ते थोडे सैल पडू शकतात. रिम आणि हब यांच्यामध्ये रंगाचा थर, गंज, चिखल, धूळ असते. गाडी धावू लागली की ते दबते आणि स्टडचा ताण उतरतो. म्हणूनच चाक बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायला सांगतात. आवळतानाही एकामागून एक गोल न जाता समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. आणि पान्यावर उभे राहून उड्या मारणे ही काही सावधगिरी नव्हे. लहान मोटारीला साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्याहून फार जास्त दिला तर स्टड कायमचा ताणला जाऊन कमजोर होतो. आमचे तरुण मित्र हे वाचून हसतील, कारण पान्यावर नाचणारे तेच असतात.

आणि चाक निखळले की काय होते? गाडी कलंडते, हबवर फरफटत जाते, चालकाचा ताबा सुटतो. पण आतल्या लोकांना निदान पत्र्याचे कवच असते. चाकाला मात्र चालक नसतो. ते गाडीच्याच वेगाने पुढे सुटते. ताशी ६० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर. टायरसकट मालमोटारीच्या चाकाचे वजन शंभर किलोच्या आसपास असते. दुभाजकावरून उडून ते समोरच्या रांगेत जाऊ शकते, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांत शिरू शकते. त्या माणसांनी आवाज ऐकलेला नसतो. नट कोणी आवळले, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना ‘थांबा’ म्हणण्याची संधी कोणी दिलेली नसते. आमच्या टेम्पोवाल्या बंधूंचे म्हणणे नेमके हेच होते. आम्ही आमचा आणि त्या आठ मुलांचा विचार करून देवाचे आभार मानत होतो, आणि मागचा मोटरसायकलवाला आमच्या हिशेबातच नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांचा १८७७ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध वाचला होता. त्यात एका जहाजमालकाचा दाखला आहे. त्याचे जहाज जुने आहे, त्याची अनेकदा डागडुजी झाली आहे. ते समुद्रात पाठवावे की नाही, अशी शंका त्याला येते. मग तो मनाची समजूत घालतो. आजवर इतक्या सफरी पार पडल्या, हीसुद्धा पडेल. नव्या देशात संसार थाटायला निघालेल्या कुटुंबांचा सांभाळ परमेश्वर करणार नाही का? हळूहळू त्याला खरोखरच विश्वास वाटू लागतो. जहाज बुडते, आणि तो विम्याचे पैसे घेऊन गप्प राहतो. क्लिफर्ड म्हणतात, हा माणूस त्या मृत्यूंना जबाबदार आहे, कारण असा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. पुढे ते विचारतात, समजा जहाज बुडाले नसते तर? त्यांचे उत्तर ठाम आहे. त्याचा दोष तसूभरही कमी झाला नसता. कृत्य ज्या क्षणी घडले त्या क्षणीच ते योग्य किंवा अयोग्य ठरले, नंतरच्या योगायोगाने त्यात बदल होत नाही.

क्लिफर्ड हे काही श्रद्धावंत गृहस्थ नव्हते. आपल्या श्रद्धेवर त्यांनी कडक टीका केली आहे आणि ती सगळी आम्हांला मान्य नाही. पण जहाजमालकाच्या तोंडी त्यांनी परमेश्वराचे नाव घातले, तिथे त्यांनी आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. आरशाला जपमाळ आहे म्हणून नट न तपासणारा माणूस आणि तो जहाजमालक यांच्यात फरक काय? मंदिराच्या शिखरावरून खाली उडी घेण्याचा मोह प्रभूने झिडकारला, तो अशाच प्रकारचा मोह होता. जाता जाता सांगतो, क्लिफर्ड स्वतः १८७० साली सूर्यग्रहणाच्या अभ्यासाला निघाले असताना सिसिलीच्या किनाऱ्याजवळ त्यांचे जहाज फुटले होते आणि ते बचावले होते.

मग दोष नेमका कुठे सुरू झाला? नट सैल राहिले, ती पावसातली चूक होती. संत थॉमस अक्विनास हलगर्जीपणाचा विचार करताना सेव्हिलच्या संत इसिदोर यांनी दिलेली ह्या शब्दाच्या लॅटिन रूपाची एक फोड सांगतात. ‘जो निवड करीत नाही’ तो हलगर्जी. बुधवारी आम्ही असेच होतो. पण शनिवारी आवाज ऐकल्यावर आम्ही निवड केली. थांबून पाहायचे की नाही, असा प्रश्न समोर आला आणि आम्ही न पाहणे निवडले. पाहिले असते तर आठ मुलांना घेऊन पावसात रस्त्याकडेला उभे राहावे लागले असते, पालकांना फोन करावे लागले असते, आपल्याच हातची चूक कबूल करावी लागली असती. अज्ञान दोषमुक्त करते हे खरे, पण जे कळू शकत होते आणि कळायला हवे होते ते मुद्दाम कळू न देणे, ह्या अज्ञानाला संत थॉमस सवलत देत नाहीत. आमची गाण्याची हौस त्या दिवशी ह्याच प्रकारची होती.

जुन्या करारातला एक नियम आम्हांला ह्या बाबतीत फार आवडतो. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येणार नाही. कोणी पडण्याची वाट पाहायची नाही. कठडा नाही, एवढ्यानेच नियम मोडला.

आपला कायदाही ह्याच वळणाचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सांगते की धोकादायक बिघाड असलेले वाहन चालवणारा, चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा दोषी असतो. आणि तो बिघाड त्याला माहीत असावा, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरेसे आहे. ‘मला माहीत नव्हते’ ह्या सबबीला तिथे जागा नाही. ‘चालवू देणारा’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. पहाटे तीनला भाजी घेऊन दादरला निघालेला टेम्पोचालक मालकाला म्हणतो, चाक हलतंय. मालक म्हणतो, आजचा दिवस काढ. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून चालक निघतो. अशा वेळी दोषाचा मोठा वाटा कोणाचा, हे सांगायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. आपल्या धर्मग्रामात टेम्पो बाळगणारी कितीतरी घरे आहेत, म्हणून हे लिहिले.

पण ह्याच कलमात एक कोडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे वाहन चालवल्याबद्दल दंड १,५०० रुपये आहे. त्याच बिघाडाने अपघात होऊन कोणी जखमी झाले वा नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चालक तोच, नट तेवढेच सैल, हलगर्जीपणा तेवढाच. फरक एवढाच की एकाच्या वाटेत माणूस आला, दुसऱ्याच्या आला नाही. मग शिक्षा वेगळी का? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल ह्या दोन तत्त्वज्ञांनी नेमका हाच प्रश्न मांडला. नेगल यांचा एक दाखला मालमोटारीच्या चालकाचाच आहे. ब्रेक तपासून घेण्यात त्याने थोडी हयगय केली आणि वाटेत मूल आले, तर तो जन्मभर स्वतःला दोष देईल. मूल आलेच नाही तर त्याच हयगयीची त्याला आठवणही राहणार नाही. क्लिफर्ड म्हणतात दोष सारखाच. आपले मन मात्र तसे मानत नाही.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने तर ह्याही पुढचे टोक गाठले. १९९५ साली तिथल्या महामार्गांवर मालमोटारींची निखळलेली चाके आदळून माणसे दगावली. लोक खवळले. १९९७ मध्ये तिथे कायदा झाला की व्यावसायिक वाहनाचे चाक रस्त्यावर निखळले तर मालक आणि वाहतूकदार दोषी. ‘आम्ही शक्य ती सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही. दंड २,००० ते ५०,००० डॉलर. कैद मात्र नाही, आणि त्यामुळेच २००३ साली तिथल्या अपील न्यायालयाने हा कायदा घटनेला धरून आहे असे ठरवले. काळजी घेऊनही दोषी? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही हे उत्तर चूक ठरवले असते. ज्याने खरोखर सर्व काळजी घेतली त्याला पापी म्हणता येणार नाही, आणि तो कायदाही तसे म्हणत नाही. पण तो लिहिणाऱ्यांना माणसाचे मन ठाऊक होते. काळजी घेतल्याचा पुरावा मागितला की आपण कागद आधी तयार करतो आणि पाना नंतर शोधतो.

ह्या सर्वांवर विचार करून आम्ही इथवर आलो आहोत. त्या शनिवारी आमचा दोष, चाक निखळून कोणाचा जीव घेणाऱ्या चालकाच्या दोषाएवढाच होता. क्लिफर्ड बरोबर आहेत. पण ओझे सारखे नव्हते. त्या दुसऱ्या चालकाला पोलीस ठाणे, कोर्ट, मृताच्या आईसमोर उभे राहणे, रात्रीची झोप उडणे, हे सगळे सोसावे लागते. त्याला कबुली टाळताच येत नाही, त्याचे चाक रस्त्यावर पडलेले असते. आमचे चाक जागेवर राहिले, म्हणून आम्हांला गप्प बसता आले. आम्ही पापनिवेदन केले, आम्हांला क्षमा मिळाली, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ज्यांची लेकरे आम्ही धोक्यात घातली होती, त्यांच्या दारात आम्ही कधी गेलो नाही. सुखरूप पोहोचलो ह्याचाच आम्ही माफीसारखा उपयोग केला. ती माफी द्यायचा अधिकार योगायोगाला नव्हता, आणि आम्हांला तर नव्हताच.

म्हणून गेल्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर आम्ही त्या जोडप्याला थोडा वेळ थांबवून घेतले. डिकी उघडायला लावून पाना कुठे आहे ते त्यांना दाखवले. नवऱ्याला जरा नवल वाटले असावे. मग त्या मुलीला जीपची सगळी हकिकत सांगितली. नट, टकटक, रविवारी सकाळी दिसलेले झिजलेले भोक. तिच्या आईवडिलांकडेही ह्या आठवड्यात जाऊन येऊ, असे सांगितले.

तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “फादर, तुम्ही तेव्हा रस्ता खराब आहे म्हणालात ना, मला कळलंच नव्हतं काही. त्या मेमध्येच तर नवीन डांबर टाकलं होतं.”